दुःखितांची माउली पंडिता रमाबाई

आषाढीच्या वाटेवर श्रीतुकोबारायांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडकडे निघाली, की मध्ये चौफुला लागतो. आपण वारकरी मंडळी तिथे घटकाभर टेकतो, पाणी पितो, पुन्हा टाळ वाजू लागतात आणि दिंडी पुढे जाते. त्या चौफुल्यापासून डाव्या हाताला थोड्याच अंतरावर केडगाव आहे, आणि केडगावला मुक्तिसदन आहे. ते ज्यांनी उभे केले त्या पंडिता रमाबाईंचे नाव बहुतेकांच्या कानांवर असते. ख्रिस्ती झालेली एक विद्वान बाई, एवढे म्हणून आपण थांबतो. पण माउलीहो, या बाईंचे चरित्र वारकऱ्याने मुद्दाम समजून घ्यावे असे आहे. दुष्काळाने जो प्रश्न आपल्या तुकोबारायांपुढे टाकला, तोच प्रश्न दुष्काळाने या बाईंपुढेही टाकला होता. देव दयाळू आहे ना? मग त्याला भजणाऱ्यांची घरे अशी का बसतात?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. तुंगा आणि भद्रा या नद्या जिथे उगम पावतात ते हे ठिकाण, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न ब्राह्मण आणि निष्ठावंत वैष्णव. विद्यार्थिदशेत पुण्याला असताना पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेब संस्कृत शिकतात हे त्यांनी पाहिले आणि आपल्याही बायकोला शिकवायचे असे मनाशी ठरवले. त्या काळी बाईने संस्कृत शिकणे म्हणजे आक्रीत! उडुपीला शास्त्रीमंडळींनी त्यांना जाब विचारला. त्यांनी ग्रंथांचे आधार काढून दाखवले, आणि पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवणे सोडले नाही. त्या माउलीने पुढे आपल्या मुलीला शिकवले.

रमा सहा महिन्यांची होती तेव्हा घर मोडले. तिला वेताच्या पेटीत घालून मजुराच्या डोक्यावर दिले आणि सारे कुटुंब तीर्थाटनाला निघाले. पुढे वर्षानुवर्षे हाच त्यांचा संसार. देवळाच्या ओवरीत उतरायचे, पुराण सांगायचे, जे मिळेल त्यातले थोडे पोटाला ठेवून बाकीचे दानधर्मात घालायचे. रमेला भागवत मुखोद्गत झाले. तीर्थे झाली, व्रते झाली, उपासतापास झाले, ब्राह्मणभोजने झाली. गाठीला असलेला पैसा देवकार्यात संपला. या कुटुंबाने धर्मात काही उणे ठेवले असे कोणाला म्हणता येणार नाही.

आणि १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला.

अनंतशास्त्री म्हातारे झाले होते, दृष्टी गेली होती. अंगमेहनतीची सवय कोणालाच नव्हती. पुराण ऐकायला कोण येणार आणि दक्षिणा कोण घालणार? भांडी विकली, दागिने विकले, लुगडी विकली. शेवटी तांदळाचा शेवटचा दाणा संपला तेव्हा भीक मागण्यापेक्षा रानात मरू असे ठरवून सगळी माणसे तिरुपतीजवळच्या रानात शिरली. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढली. म्हाताऱ्याने जलसमाधी घ्यायचे ठरवले. निरोपाच्या वेळी त्यांनी धाकट्या लेकीला मांडीवर ओढून घेतले. दिसत तर नव्हते. हाताने चाचपून तिला कुरवाळले. आपण तिच्यावर किती माया केली हे विसरू नको, सरळ मार्गाने वाग आणि जन्मभर देवाची सेवा कर, तुला मी देवाच्या हाती दिले आहे, असे त्यांनी तिला सांगितले. मोठा मुलगा श्रीनिवास मजुरी करायला तयार झाला म्हणून जलसमाधी टळली, पण मरण टळले नाही. थोड्याच दिवसांत एका पडक्या देवळात तापाने शास्त्रीबोवांनी देह ठेवला.

काही महिन्यांनी आई गेली. आईच्या शेवटच्या दुखण्यात रमा एका घरी भाकरी मागायला गेली, पण तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने कळवळून भाकरी दिली. ती घेऊन रमा परत आली, तो आईच्याने घास गिळवेना. तिरडीला चार खांदेकरी हवेत. गावातले दोन ब्राह्मण मोठ्या मिनतवारीने आले. उरलेले दोन कोण? एक मुलगा आणि एक मुलगी. रमा अंगाने लहान, तिचा खांदा पुरेना, म्हणून तिने तो भार डोक्यावर घेतला. स्मशान तीन मैल लांब होते. पुढे थोरली बहीणही गेली. उरली ती भाऊ आणि बहीण, दोघेच.

आपल्या संप्रदायाला ही कथा परकी वाटू नये. सतराव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात तुकोबारायांची पहिली पत्नी अन्नान्न करीत गेली, मुलगा गेला, दुकान बसले, पत गेली. त्यांनी भंडाऱ्याचा डोंगर जवळ केला, कर्जखते इंद्रायणीत बुडवली आणि त्या दुःखातूनच ते विठोबाच्या पायांशी पोचले. सर्वांनाच अशी वाट सापडते असे नाही. दुःख एकाला देवाकडे नेते, दुसऱ्याला देवापासून तोडते. रमाबाईंच्या बाबतीत आधी तोडले.

बहीणभाऊ पायी चालत राहिली. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे की त्यांची ही पायपीट चार हजार मैलांवर झाली. अंगावर धड वस्त्र नाही, पोटात अन्न नाही. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी सोसेना म्हणून त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढली. एवढ्या हालातही तीर्थांवरची श्रद्धा टिकून होती. हिमालयातल्या एका तळ्यात तरंगणारे डोंगर आहेत आणि निष्पाप माणूस हाक मारील तर ते काठाशी येतात, असे त्यांनी ऐकले होते. दोघे तिथे गेली. श्रीनिवास पहाटे तळ्यात उतरून पाहतो तो काय, डोंगर म्हणजे चिखलाने आणि गवताने मढवलेले तराफे. पुजारी दक्षिणा पाहून ते मागून ढकलीत. त्या दिवशी जे मोडले ते पुन्हा सांधले नाही. तीर्थक्षेत्री भाविकांना फसवणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे. त्यांच्या एका लबाडीने एका वैष्णवाची मुले देवाला दुरावली.

१८७८ साली दोघे कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांच्या मुलीची संस्कृत विद्या पाहून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. पण सुखाचा वारा फार काळ वाहिला नाही. १८८० साली ढाक्याला श्रीनिवास आजारी पडला. आपल्यामागे बहिणीचे कसे होईल याची त्याला चिंता. आपल्या दोघांना देवावाचून कोण आहे, असे रमाबाई म्हणाल्या. देव सांभाळणार असेल तर मला भय नाही, असे म्हणून त्याने प्राण सोडला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. नवरा दुसऱ्या जातीचा, म्हणून लोकांनी नावे ठेवली. १८८१ च्या एप्रिलात मुलगी झाली, मनोरमा. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पती गेले. वय अवघे तेवीस, कडेवर दहा महिन्यांचे पोर आणि कपाळी वैधव्य. आठ वर्षांत घरातली पाच माणसे गेली.

त्या काळी विधवेला दुःखाचा अर्थ कसा सांगत असत? नवरा मेला तो तुझ्या मागच्या जन्मीच्या पापामुळे, असे. सात-आठ वर्षांची पोर, जिला नवरा म्हणजे काय हे कळलेले नाही, तिलाही हेच सांगायचे, तिचे केस काढायचे आणि तिला कोपऱ्यात बसवायचे. जे दुःख आधीच डोंगराएवढे, त्यावर दोषाचा धोंडा. रमाबाईंनी १८८७ साली इंग्रजीत हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी पुस्तक लिहिले, त्यात या गोष्टीवर नेमके बोट ठेवले. कर्माचा सिद्धांत आपण मानतो. पण तो सिद्धांत स्वतःला धीर देण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांतले पाणी पाहूनही स्वस्थ बसण्यासाठी तो सांगितलेला नाही.

१८८२ मध्ये रमाबाई पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकांनी त्यांना आधार दिला. त्यांनी आर्य महिला समाज काढला, सरकारच्या शिक्षण आयोगापुढे स्त्रियांसाठी वैद्यकीय शिक्षणाची मागणी केली. पुढल्या वर्षी वैद्यक शिकावे म्हणून त्या इंग्लंडला गेल्या आणि वांटेज येथे ख्रिस्ती जोगिणींच्या मठात उतरल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यक शिकण्याचा बेत राहिला. बरोबर आलेल्या मैत्रिणीने तिथेच आत्महत्या केली, तोही घाव बसला.

या मठातल्या जोगिणींनी लंडनजवळ वाट चुकलेल्या बायकांसाठी एक घर चालवले होते. रमाबाई ते पाहायला गेल्या. समाजाने जिच्यावर थुंकावे अशा बाईला या जोगिणी जवळ बसवून घास भरवतात, तिची शुश्रूषा करतात, हे पाहून त्यांना नवल वाटले. हे कशाच्या बळावर करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका जोगिणीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची कथा वाचून दाखवली. हलक्या मानलेल्या जमातीतली, पाच नवरे केलेली बाई. आणि येशू तिच्याजवळ पाणी मागतो, तिला ज्ञान सांगतो. ज्यांच्या विठोबाने कान्होपात्रेला पदरात घेतले, त्यांना ही कथा काय म्हणते ते फोडून सांगायला नको. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

आता ख्रिस्ती धर्म दुःखाविषयी काय सांगतो ते थोडक्यात पाहू. ते लोक पुनर्जन्म मानीत नाहीत, तेव्हा मागच्या जन्मीच्या कर्माने दुःखाचा उलगडा त्यांना करता येत नाही. त्यांच्या ग्रंथात एका जन्मांधाची गोष्ट आहे. शिष्य येशूला विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापाने, याच्या की याच्या आईबापांच्या? तो सांगतो, कोणाच्याच नाही. देवाचे काम याच्या ठायी दिसावे म्हणून. आणि एवढे बोलून चर्चा करीत न बसता त्या आंधळ्याला दृष्टी देतो. दुसरी गोष्ट क्रुसाची. देवाने मनुष्यदेह घेतला आणि त्या देहाने भूक, तहान, निंदा आणि खिळे ठोकून दिलेले मरण सोसले; प्राण जाताना देवाने आपल्याला टाकले की काय असा टाहोही त्या मुखातून निघाला, असे ते मानतात. दुःख का आले, याचे पुरते उत्तर त्यातही नाही. पण दुःखाच्या वेळी देव कुठे असतो, याचे उत्तर आहे. तो दुःखिताच्या शेजारी असतो, त्याच ओझ्याला हात लावून असतो. जनाबाईबरोबर दळू लागणारा देव आपण जाणतो. त्यामुळे ही भाषा वारकऱ्याला अनोळखी वाटणार नाही.

म्हणून धर्मांतर ही लहान गोष्ट होती असे नव्हे. महाराष्ट्रात त्यावर मोठे वादळ उठले. तीर्थे, मूर्ती, पुजारी यांच्याविषयी बाईंनी जे लिहिले त्यातले पुष्कळ आपल्याला पटणार नाही, आणि पटले नाही तर तसे म्हणायलाही हरकत नाही. मात्र हेही पाहावे की नव्या धर्मातही त्यांनी मान वाकवून सगळे ऐकून घेतले नाही. धर्मगुरू सांगतील तेच खरे मानायला त्या तयार नव्हत्या. तिथल्या जोगिणींशी त्यांचे पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असण्यापेक्षा संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. पांढरे लुगडे आणि शाकाहार त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. पुढे त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे त्यांच्या हाती धर्म आला होता, पण ख्रिस्ताची भेट झाली नव्हती. ग्रंथ हाती असणे आणि देव भेटणे यांतले अंतर वारकऱ्याला सांगावे लागत नाही.

१८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथल्या लोकांनी मंडळ स्थापून दहा वर्षे मदतीचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्याला आले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९३ साली सदनात मुलींना ख्रिस्ती करतात अशी ओरड झाली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले आणि पुष्कळांनी मुली काढून नेल्या. पण काम बंद पडले नाही. केडगावला शंभर एकर जमीन घेऊन बाईंनी तिथे फळझाडे लावली.

आणि १८९६ साली पुन्हा दुष्काळ आला, या वेळी मध्य प्रांतात.

इथे या चरित्राचा गाभा आहे. बातमी कानावर आली तेव्हा बाईंना आपले रान आठवले, बापाचा चाचपणारा हात आठवला, आईला न गिळवलेली भाकरी आठवली. अमेरिकेची मुदत संपत आली होती. पैसा नव्हता. नवी माणसे ठेवायला जागा नव्हती. तरी त्या स्वतः गेल्या. मदतीच्या छावण्यांत त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या पोरी पाहिल्या आणि त्यांच्यावर टपलेले दुष्ट लोकही पाहिले. एक-दोन करीत सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आणल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेगने ठाण मांडले. नव्या मुलींना शहरात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर तंबू आणि छपरे उभारली. तेच मुक्तिसदन. पुढे १८९९-१९०० चा गुजरातचा दुष्काळ आला आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार तोंडे! नुसते धान्य दळायचे म्हटले तरी किती जाती लागतील, विचार करा. आलेल्या मुलींपैकी कित्येक वाचल्या नाहीत. उपासाने पोट इतके आत गेलेले, की अन्नही सोसेना. ज्या वाचल्या त्यांना लिहावाचायला शिकवले. कोणी मागावर बसली, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी दूधदुभत्यात, कोणी छापखान्यात. आंधळ्या मुलींना मनोरमा बोटांनी वाचण्याची लिपी शिकवू लागली. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन नावाचे वेगळे घर झाले.

आता कोणी म्हणेल की, १८७४ चा दुष्काळ देवाने धाडला तो याचसाठी, पुढे दोन हजार जिवांना आई मिळावी म्हणून. असे म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. भुकेने मेलेल्या लक्ष्मीबाईंच्या तोंडावर हे कोणाला सांगवेल? दुष्काळ वाईटच होता. देवाचा चांगुलपणा दुष्काळात दिसला नाही. तो दिसला दुष्काळातून उठलेल्या एका पोरीच्या हातांत. जी भाकरी तिला आईच्या तोंडी घालता आली नाही, ती तिने हजारो अनाथांच्या तोंडी घातली. देव आहे की नाही आणि असला तर कसा आहे, असे त्या मुलींनी विचारले असते, तर त्यांना मिळालेले पहिले उत्तर म्हणजे ताटातली भाकरी.

उतारवयात बाईंनी आणखी एक मोठे काम अंगावर घेतले. खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत बायबल आणायचे. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, वर्षानुवर्षे खपल्या, आणि ते पुस्तक मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच जुळवले. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली, बाईंच्या मागून, बाहेर पडला. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले.

शेवटची परीक्षा राहिली होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. जिला कडेवर घेऊन वैधव्य काढले, जिच्या हाती सारा कारभार सोपवायचा, तीच आधी गेली. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता पोटची पोर. आपल्याला असे काही झाले की आपण देव्हाऱ्याकडे पाठ फिरवतो. साठी ओलांडलेल्या या बाईंनी पाठ फिरवली नाही आणि कामही खाली ठेवले नाही. नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्याही गेल्या. केडगावची संस्था आजही निराधार बायका-मुलांना आसरा देते.

माउलीहो, बापाने रानात सांगितले होते, तुला देवाच्या हाती दिले आहे, जन्मभर त्याची सेवा कर. बापाचा देव आणि लेकीचा देव यांची नावे निराळी झाली, वाट निराळी झाली. याचे कोणाला वाईट वाटले तर तेही साहजिक आहे. पण सेवा करण्याचे वचन तिने मोडले नाही. आपल्या शेजारी कोणाचे तरणे पोर जाते, कोणाचे पीक जळते, कोणी लेक विधवा होऊन माहेरी येते. तिथे जाऊन प्रारब्धाचे प्रवचन करू नये. आधी चूल पेटवावी, लेकरांना जेवू घालावे, रात्रभर सोबतीला बसावे. देव चांगला आहे हे दुःखिताला पटायचे असेल तर ते अशानेच पटेल. मग त्याला जे विचारायचे असेल ते तो विठोबालाच विचारील, आणि विठोबा ऐकून घेईल.

रामकृष्णहरी.